एका जुन्या पिस्तुलाची नवी खरेदी

बाजारात जाणाऱ्या माणसाच्या मनात वस्तूंचे दोन वर्ग सहसा ठरलेले असतात. भांडे, कापड, घड्याळ, सायकल या वस्तू तो नव्या पाहून घेतो. नाणे, ताम्रपट, पोथी, तलवार या जुन्या. पहिल्या वर्गात जुनेपणा हा दोष ठरतो, दुसऱ्या वर्गात तोच गुण होऊन बसतो. परंतु या दोहोंच्या मधोमध एक तिसरा, मोठा चमत्कारिक वर्ग आहे. त्यातील वस्तू कारखान्यातून काल-परवा बाहेर पडलेली असते. पण गिऱ्हाइकाला ती जुन्यासारखी हवी असते. तीही नुसती दिसण्यात जुनी असून भागत नाही. वजनाला, स्पर्शाला, आवाजाला, फार काय पण गैरसोयींनासुद्धा ती जुन्यासारखीच असावी असा त्याचा आग्रह असतो. अशाच एका वस्तूची हकीकत आज सांगावयाची आहे. ती वस्तू म्हणजे एक लष्करी पिस्तूल होय.

अमेरिकेतील एखाद्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात आपण क्षणभर डोकावू. काचेच्या पेटीत दोन पिस्तुले शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. दोन्ही करड्या-हिरवट रंगाची, दोन्ही सव्वा किलोच्या आतबाहेर वजनाची, दोन्हींच्या मुठीवर चौकटीदार रेघांच्या तपकिरी फळ्या. एक १९४३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी, टंकलेखन यंत्रे बनविणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीच्या शस्त्रशाखेत घडविलेले. दुसरे अलीकडेच फिलिपाइन्समधील मारिकिना शहरातून जहाजाने आलेले. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक, कधी तिपटीचौपटीइतकी असते. दोन्ही एकच काडतूस खातात आणि एकाच रीतीने उडतात. एकाचे मॅगझिनही बहुधा दुसऱ्याला बसते. मग फरक कशाचा? गिऱ्हाईक पैसे मोजते ते पोलादाचे, की आठवणीचे? आणि आठवणीचे असतील, तर ती आठवण नेमकी कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर आपल्याला सव्वाशे वर्षे मागे, प्रशांत महासागराच्या पश्चिम काठावर जावे लागते.

१८९८ साली स्पेनशी झालेल्या युद्धात अमेरिकेचा जय झाला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात पॅरिस येथे जो तह झाला, त्यात दोन कोटी डॉलर देऊन अमेरिकेने फिलिपाइन्स बेटे स्पेनकडून घेतली. ज्यांची ती बेटे, त्यांना कोणी विचारले नाही. स्पेनविरुद्ध स्वातंत्र्याची घोषणा केलेल्या फिलिपिनो लोकांनी फेब्रुवारी १८९९ मध्ये नव्या धन्याविरुद्ध शस्त्र धरले. अमेरिकेने हे युद्ध १९०२ साली संपल्याचे जाहीर केले. पण दक्षिणेकडील मिंडानाओ आणि सुलू या भागातील मुस्लिम जमाती, ज्यांना स्पॅनिश लोक मोरो म्हणत, त्यांच्याशी झगडा १९१३ पर्यंत चालूच राहिला. युद्ध, उपासमार आणि पटकी यांनी मिळून या काळात मेलेल्या नागरिकांची संख्या दोन लाखांच्या घरात जाते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

त्या वेळी अमेरिकन अधिकाऱ्यांच्या कमरेला ०.३८ इंच व्यासाच्या गोळीचे कोल्ट रिव्हॉल्व्हर असे. हे शस्त्र हलके आणि सुबक होते. पण तक्रार अशी येऊ लागली की, क्रिस किंवा बारोंग उगारून अंगावर धावून येणारा मोरो योद्धा या गोळ्यांनी थांबत नाही. गोळी लागते, जखम होते, मागाहून कदाचित मृत्यूही येतो. परंतु त्याआधी त्याचे पाते अधिकाऱ्यापर्यंत पोहोचलेले असते. तेव्हा लष्कराने घाईघाईने कोठारातली जुनी, ०.४५ इंच व्यासाची रिव्हॉल्व्हरे बाहेर काढून बेटांवर पाठविली. पिस्तुलाच्या दंतकथेचा उगम येथे आहे, आणि आजही नव्या पिस्तुलाची भलावण करताना हीच कथा प्रथम सांगितली जाते.

दंतकथा आणि कागदपत्रे यांच्यात मात्र थोडे अंतर असते. या विषयावर सर्वांत अधिक उद्धृत होणारे उदाहरण लष्करी शल्यचिकित्सक लुई ला गार्ड यांच्या बंदुकीच्या जखमांवरील ग्रंथात नोंदलेले आहे. समार बेटावरील एक कैदी पळून जाऊ लागला. जवळून झाडलेल्या चार गोळ्या लागूनही तो पडला नाही, आणि अखेर बंदुकीच्या दस्त्याचा फटका बसला तेव्हा आटोक्यात आला. परंतु समार बेट मोरोंचे नव्हे. आणि ही घटना १९०५ ची. नव्या पिस्तुलाची गोळी केवढी असावी याचा निर्णय त्याच्या आदल्याच वर्षी झालेला होता! घटना मागाहूनची, पण लोकांच्या स्मरणात मात्र ती निर्णयाचे कारण होऊन बसली. इतिहासात असे वारंवार घडते.

तो निर्णय ज्या प्रयोगांवर झाला ते प्रयोग ऐकूनच अंगावर शहारे येतात. १९०४ मध्ये जॉन टॅलिआफेरो टॉम्प्सन आणि मेजर ला गार्ड या दोघांवर ते काम सोपविण्यात आले. यांपैकी टॉम्प्सन यांचे नाव पुढे एका मशीनगनमुळे जगभर झाले. शिकागो येथील गुरांच्या प्रचंड कत्तलखान्यात या दोघांनी निरनिराळ्या व्यासांच्या गोळ्या जिवंत जनावरांवर झाडून पाहिल्या, आणि मानवी प्रेतांवर झाडून हाडांचा चुरा किती होतो ते मोजले. निष्कर्ष निघाला की, लष्करी पिस्तुलाच्या गोळीचा व्यास ०.४५ इंचाहून कमी नसावा. तथापि याच अहवालात आणखी एक शहाणपणाची गोष्ट होती, आणि तिची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. ती अशी की, गोळी केवढीही असो, मर्मस्थानी लागल्यावाचून ती माणसाला खात्रीने थांबवीत नाही; म्हणून शिपायाला अचूक नेमबाजीचे शिक्षण अखंड दिले पाहिजे. व्यासाचा आकडा जगाच्या ध्यानात राहिला. शिक्षणाचा उपदेश विसरला गेला.

यानंतर या कथेत एका असामान्य कारागिराचा प्रवेश होतो. जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म १८५५ साली यूटा प्रांतातील ऑग्डेन या गावी झाला. वडील बंदूककारच. मुलाचे शिक्षण बापाच्या भात्याशी आणि ऐरणीशी झाले. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. पण यंत्राच्या हालचाली त्याला मनातल्या मनात दिसत. आयुष्यभरात त्यांच्या नावे १२८ पेटंटे झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे लक्ष एका प्रश्नावर खिळले होते: गोळी सुटताना हाताला जो मागे धक्का बसतो, त्या वाया जाणाऱ्या शक्तीलाच कामाला का लावू नये?

त्यांनी काढलेली युक्ती मोठी रमणीय आहे आणि ती समजण्यास अवघडही नाही. पिस्तुलाच्या नळीवर एक सरकते पोलादी आवरण असते, त्याला स्लाइड म्हणतात. नळीच्या पाठीवरील कंगोरे आवरणाच्या आतील खाचांत गुंतलेले असतात. बार उडताच दोन्ही मिळून जराशी मागे येतात. तोवर गोळी नळीबाहेर पडून आतील वायूचा दाब उतरलेला असतो. नळीखाली एक इवलासा झुलता दुवा बसविलेला आहे. तो नळीचे मागले टोक खाली ओढतो आणि कंगोरे खाचांतून सुटतात. नळी जागीच थांबते. आवरण एकटेच मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकते आणि घोडा चढवून ठेवते. मग स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना ते मुठीतल्या सात काडतुसांपैकी वरचे काडतूस नळीत सारते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते. पिस्तूल उघडून साफ करावयास कोणतेही हत्यार लागत नाही; पिस्तुलाचाच एक भाग दुसरा भाग काढण्याच्या कामी येतो. आज जगात बनणाऱ्या स्वयंभरित पिस्तुलांपैकी फार मोठा भाग या ना त्या रूपाने ब्राउनिंग यांच्या याच कल्पनेवर चालतो.

१९०७ पासून लष्कराने परीक्षा सुरू केल्या. जर्मन ल्यूगर पिस्तूल त्यांत होते, सॅव्हेज कंपनीचे होते, आणि ब्राउनिंग यांचे, कोल्ट कंपनीने बनविलेले पिस्तूल होते. प्रत्येक फेरीनंतर दोष काढावे, दुरुस्ती करावी, पुन्हा यावे असा क्रम चालला. घोडदळाने हट्ट धरला की, घोड्यावर बसून एका हाताने वापरता आले पाहिजे, आणि उचललेला घोडा एका बोटाने अडवून ठेवता आला पाहिजे. म्हणून अंगठ्याचा खटका आला. मुठीच्या बुडाशी दोरी अडकविण्याची कडी आली, कारण दौडत्या घोड्यावरून हातातले शस्त्र पडले तर ते परत कोण आणून देणार? मार्च १९११ मधील अखेरच्या परीक्षेत एकाच पिस्तुलातून सहा हजार बार उडविले गेले. मधून मधून ते थंड करावयाचे आणि दर हजारानंतर साफ करावयाचे, एवढीच उसंत. पुढे त्यावर वाळू टाकून, ते चिखलात बुडवून आणि मुद्दाम गंजवूनही पाहिले. सॅव्हेजचे पिस्तूल वारंवार अडखळले. ब्राउनिंग यांचे अडखळले नाही. २९ मार्च १९११ रोजी ते अमेरिकन लष्कराचे अधिकृत पिस्तूल झाले, आणि त्या वर्षाचाच आकडा त्याचे नाव होऊन बसला: एकोणीसशे अकरा.

या तारखेकडे जरा लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. मोरोंना थांबविण्यासाठी म्हणून ज्याची गरज सांगितली गेली, ते पिस्तूल मोरोंचा प्रतिकार जवळजवळ संपत आला तेव्हा सैन्यात दाखल झाले. आणि या प्रतिकारातील सर्वांत भयंकर प्रसंग त्याच्या पाच वर्षे आधीच घडून गेला होता. मार्च १९०६ मध्ये जोलो बेटावरील बुद दाहो या विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरात शेकडो मोरो कुटुंबे आश्रयाला गेली होती. जनरल लेनर्ड वुड यांच्या फौजांनी त्या डोंगरावर तोफा आणि मशीनगनी लावल्या. सहाशेहून अधिक माणसे तेथे मारली गेली. काही अंदाज हजाराच्या आसपास जातात. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. प्रेतांनी भरलेल्या खंदकाच्या काठावर शिपाई उभे आहेत असे एक छायाचित्र त्या प्रसंगाचे उरले आहे. मार्क ट्वेन यांनी या कृत्यावर अत्यंत जळजळीत शब्दांत लिहिले. पण ते लिखाण त्यांच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकले नाही.

मला वाटते, पिस्तुलाच्या दंतकथेतील खरी गोम येथे आहे. दंतकथेत नेहमी एकच चित्र असते: एकटा अमेरिकन अधिकारी, हातात दुबळे रिव्हॉल्व्हर, आणि समोरून पाते परजीत धावणारा मोरो. असे प्रसंग घडले नाहीत असे नव्हे. परंतु ते विरळा होते. बहुतेक वेळा अंतर उलट दिशेने तुटत असे. तोफ आणि मशीनगन दुरून बोलत, आणि पाते हातात धरलेला माणूस शत्रूपाशी कधी पोहोचतच नसे. ज्याच्यापाशी तोफ आहे त्याने आपल्या भीतीची आठवण जपली, आणि ज्याच्यापाशी नुसते पाते होते त्याच्या मरणाची नोंद बहुधा नावावाचूनच राहिली.

पुढचा इतिहास पिस्तुलाच्या बाजूने अधिक उजळ आहे. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सच्या खंदकांत गेले. ८ ऑक्टोबर १९१८ रोजी आर्गॉनच्या अरण्यात टेनेसी प्रांतातील ऑल्विन यॉर्क या शिपायाने संगिनी रोखून धावून आलेल्या जर्मन सैनिकांना याच पिस्तुलाने रोखले. हा यॉर्क धर्मश्रद्धेमुळे प्रथम युद्धावर जाण्यासच तयार नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रसंगाचे वजन वाढते. युद्धानंतर अनुभवाने काही सुधारणा केल्या गेल्या: चाप आखूड झाला, मुठीची पाठ फुगीर झाली, घोड्याचा चिमटा अंगठ्याजवळच्या कातडीला बसू नये म्हणून वरची शेपटी लांबविली गेली. या सुधारलेल्या रूपाला १९२६ मध्ये निराळे नाव मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धात तेच लाखोंनी तयार झाले.

ते तयार कोणी केले हे ऐकण्यासारखे आहे. रेमिंग्टन रँडने जवळजवळ नऊ लाख नग केले. रेल्वेचे सिग्नल बनविणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नल या कंपनीने सुमारे पंचावन्न हजार. आपल्या घरोघरी ज्यांची शिवणयंत्रे आली त्या सिंगर कंपनीने केवळ पाचशे. आणि म्हणूनच आज सिंगरचे एखादे अस्सल पिस्तूल लिलावात आले तर लाख डॉलरांहून अधिक किंमत घेते. टंकयंत्राचा कारागीर, सिग्नलचा कारागीर आणि शिवणयंत्राचा कारागीर यांनी निरनिराळ्या गावी घडविलेले भाग एकमेकांना बसले पाहिजेत, ही अट होती. त्या काळच्या यंत्रविद्येचे वैभव या एका अटीत साठविलेले आहे.

१९४५ नंतर सरकारने मोठ्या प्रमाणावर नवी पिस्तुले घेतली नाहीत. तीच जुनी दुरुस्त करीत कोरिया आणि व्हिएतनाम पार पडले. १९८५ मध्ये इटलीच्या बेरेटा कंपनीचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल त्याच्या जागी आले. चौऱ्याहत्तर वर्षांची चाकरी संपली. तरीही २०१२ साली अमेरिकेच्या मरीन दलाने आपल्या खास तुकड्यांसाठी कोल्टकडून याच पिस्तुलाची नवी आवृत्ती मागविली, हे त्याच्या चिवटपणाचे प्रमाणपत्रच म्हणावे लागेल.

आता आपण पुन्हा त्या दुकानात येऊ. गिऱ्हाइकापुढे मार्ग कोणते आहेत? अस्सल युद्धकालीन पिस्तूल हवे असेल तर २०१८ पासून एक निमसरकारी मार्ग खुला झाला. काँग्रेसच्या कायद्याने लष्कराच्या कोठारातील जुनी पिस्तुले नागरी नेमबाजीच्या एका संस्थेकडे देण्यात येऊ लागली. अर्ज करावयाचा, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरावयाचा, आणि पिस्तुलाच्या अवस्थेप्रमाणे त्या वर्षी साडेआठशे ते एक हजार पन्नास डॉलर द्यावयाचे. परंतु लष्कराने दर दुरुस्तीत भाग अदलाबदल केलेले. त्यामुळे आवरण एका कारखान्याचे, नळी दुसऱ्याची आणि सांगाडा तिसऱ्याचा, असे मिश्र कुटुंब हाती येण्याचा संभव पुष्कळ. शिवाय जुने पोलाद आजच्या इतके एकसारखे पाणी दिलेले नसे. रोज नेमबाजी केली तर आवरणाला तडा जाण्याचे भय. म्हणून जाणते लोक सांगतात की, अस्सल पिस्तूल जपून ठेवावे आणि बार उडवावयास नवे घ्यावे.

नव्यांत निवड विपुल आहे, कारण ब्राउनिंग यांचे पेटंट केव्हाच संपले आणि आज कोणीही हे पिस्तूल बनवू शकतो. खुद्द कोल्ट कंपनीने पहिल्या महायुद्धकाळच्या रूपाची नक्कल अलीकडच्या काळात पुन्हा काढली होती. तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या काठी त्राब्झोन येथे टिसास कंपनी दुसऱ्या महायुद्धकाळचे रूप बनविते. फिलिपाइन्सचे पिस्तूलही आहेच. चोखंदळ गिऱ्हाईक मग बारकावे पाहू लागते. सांगाडा ठोकून घडविलेला आहे की ओतीव? बारीक भाग कापून काढले आहेत, की धातूची भुकटी साच्यात दाबून भाजलेले? कोल्टने १९८० च्या दशकात आत बसविलेला जास्तीचा सुरक्षेचा खटका या नकलेत आहे काय? असल्यास शुद्धतावादी नाक मुरडतो. पुढची माशी जुन्यासारखीच बारीक, संधिप्रकाशात दिसूही नये अशी आहे ना? दुसऱ्या कोणत्याही वस्तूत हा दोष ठरला असता. येथे ते अस्सलपणाचे लक्षण. काही नकलांच्या मुठीखाली दोरी अडकविण्याची ती कडीसुद्धा असते. घोडदळ गेले, घोडे गेले. त्यांची कडी मात्र पोलादात शिल्लक आहे. सारे मनासारखे जुळले, की गिऱ्हाईक सरकारी छापील अर्ज भरते, पूर्वचारित्र्याची चौकशी होते, आणि पिस्तूल त्याचे होते.

नकलेच्या या व्यवहाराला आपण हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे मराठेशाहीत युरोपातून आलेल्या सरळ पात्यांना इतकी मागणी होती की, त्या तलवारीचे नावच फिरंग पडले. आणि हिंदुस्थानातील लोहारांनी घडविलेल्या पात्यांवर युरोपीय कारखान्यांच्या खुणांची नक्कल उठविली जाई. शस्त्राच्या बाजारात खूण ही पोलादाइतकीच विकली जाते. आपल्या सैन्यालाही ब्राउनिंग परके नाहीत. बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार झालेले आणि आपल्या अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे कमरेला बाळगलेले नऊ मिलिमीटरचे पिस्तूल हे ब्राउनिंग यांनी आयुष्याच्या अखेरीस आखलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर बेल्जियमचे द्येदोने सेव्ह यांनी पूर्ण केलेल्या पिस्तुलाचेच वंशज आहे.

परंतु मारिकिनाची गोष्ट या सर्वांहून निराळी आहे. मनिलाला लागून असलेले हे शहर मूळचे जोड्यांसाठी प्रसिद्ध. फिलिपाइन्समध्ये ते चांभारकामाची राजधानी म्हणूनच ओळखले जाते. तेथील आर्म्सकोर या कंपनीची मुळे १९०५ मध्ये मनिलात निघालेल्या स्क्वायर्स बिंगहॅम या दुकानापर्यंत पोहोचतात. म्हणजे शिकागोच्या कत्तलखान्यात ते प्रयोग झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, आणि बुद दाहोच्या आदल्या वर्षी. आज त्या कारखान्यातील पिस्तुले फार मोठ्या संख्येने अमेरिकेत जातात, आणि त्यांवर रॉक आयलंड हे अमेरिकेतल्या इलिनॉयची आठवण देणारे नाव कोरलेले असते. सेबू बेटावरील दानाओ गावच्या कारागिरांनी तर कानस आणि छिन्नी घेऊन घरच्या घरी या पिस्तुलाच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या घडविल्या. कायद्याने ते गैर, पण हाताचे कसब नाकारता येत नाही.

ज्या देशाला जिंकण्याच्या कामी कमी पडले म्हणून एक शस्त्र टाकून दुसरे शोधले गेले, त्याच देशाचे मजूर आज ते दुसरे शस्त्र घडवून जेत्यांच्या नातवंडांना विकतात. आणि नातवंडे ते हौसेने घेतात, कारण त्यांना आपल्या आजोबांची आठवण हवी असते. यात कोणी याला नियतीचा न्याय म्हणेल, कोणी नुसता व्यापार. मला त्यात दोन्हीही पुरते दिसत नाही. न्याय म्हणावा, तर जोलो बेटावर मेलेल्यांना त्यातून काय मिळाले? पिस्तूल बनते ते लुझॉन बेटावर. मोरोंचा प्रदेश दक्षिणेस दूर, आणि त्यांच्या स्वायत्ततेचा प्रश्न इतका लांबला की, बांगसामोरो हा स्वायत्त प्रदेश स्थापन व्हावयास २०१९ साल उजाडावे लागले. आणि नुसता व्यापार म्हणावा, तर गिऱ्हाईक पोलादापेक्षा आठवणीलाच अधिक किंमत का देते?

आजोबांची आठवण ठेवणे यात काहीच वावगे नाही. यॉर्कसारख्या भाविक माणसाने ते पिस्तूल हाती धरले. नॉर्मंडीत आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर ज्यांनी ते बाळगले, त्यांच्यापैकी अनेक परत आले नाहीत. त्यांच्या नातवाने त्याच वजनाचे पोलाद हातात घेऊन पाहावे, आजोबांच्या तळहाताला काय जाणवले असेल याची कल्पना करावी, ही भावना मानवी आहे. पण एकाच वस्तूत एकाची आठवण साठते तेव्हा दुसऱ्याची पुसली जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे. दुकानदार नव्या पिस्तुलाबरोबर एक माहितीपत्रक देतो. त्यात वजन असते, नळीची लांबी असते, मॅगझिनमधील काडतुसांची संख्या असते, आणि पुष्कळदा मोरो योद्ध्याची ती जुनी कथाही असते. त्या कथेतला मोरो नेहमी धावत येत असतो. तो कोठून आला, कोणाच्या घरासाठी धावला, आणि त्या डोंगरावर त्याच्या मागे कोण कोण होते, हे माहितीपत्रक सांगत नाही. ते काम इतिहासाचे आहे.

जुन्या वस्तूची हुबेहूब नक्कल करणारा कारागीर तिचा प्रत्येक दोष निष्ठेने उतरवितो. बारीक माशीही सोडीत नाही, निरुपयोगी कडीही सोडीत नाही. भूतकाळाची आठवण काढताना आपणही तेवढीच निष्ठा दाखविली, आणि आपल्याला गैरसोयीचा वाटणारा भाग घासून गुळगुळीत केला नाही, तर त्या पिस्तुलासाठी मोजलेली किंमत अगदीच वाया गेली असे म्हणावे लागणार नाही.